कार्बन ट्रेडिंगमध्ये कुठले कारखाने घ्यायचे? चंद्रपूर जिल्ह्याची यादी करून बघू

"जो सगळ्यात जास्त धूर सोडतो त्याला घ्या" हे उत्तर सगळ्यांनाच आधी सुचतं. मलाही सुचलं होतं. ते अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गोची आहे, कारण कार्बन आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधी हातात हात घालून जातात तर कधी एकमेकांच्या उरावर बसतात. मी बरीच वर्षं कारखान्यांचं एनर्जी ऑडिट करतोय, बॉयलर, भट्ट्या, कॉम्प्रेसर हेच आयुष्य, त्यामुळे जे लिहितोय ते बॉयलर हाऊसमधून दिसतं तसं लिहितोय. अभ्यास म्हणून बघत असाल, बातमी करायची असेल किंवा सरकारी मसुद्यावर हरकत पाठवायची असेल, तर हे उपयोगी पडेल.

आधी आपल्याकडे काय चालू आहे ते पटकन. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली. चालवणार बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, टार्गेट (टनभर मालामागे किती कार्बन सोडायचा ते) जाहीर करणार पर्यावरण मंत्रालय. ठरवलेली क्षेत्रं नऊ, त्यातल्या सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा-क्लोरीन) आणि कागद या चार क्षेत्रांच्या २८२ कारखान्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली टार्गेट लागली. टार्गेटपेक्षा चांगलं काम केलं तर सर्टिफिकेट मिळतं, कमी पडलं तर विकत घ्यायचं, आणि तेही नाही केलं तर सर्टिफिकेटच्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. या नऊ क्षेत्रांत कोळशावरची वीज नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता एक्सेल उघडा, किंवा वहीत रेघा मारा. डावीकडे कारखान्याचं किंवा उद्योगाचं नाव आणि पुढे चार रकाने: वर्षाचा कार्बन किती, धूळ-धूर किती आणि तो कोणाच्या नाकात जातो, हे सगळं मोजलं जातं का आणि कसं, आणि कमी करायचा म्हटलं तर कोणाला स्वस्त पडेल कोणाला महाग. मी उदाहरणाला चंद्रपूर घेतलाय कारण एकाच जिल्ह्यात सगळे नमुने सापडतात. वीज केंद्र आहे, गडचांदूर-कोरपना पट्ट्यात सिमेंट आहे, बल्लारपूरला कागद आहे, ताडाळी-घुग्घुसकडे स्पॉन्ज आयर्न (लोहखनिजातून कोळशाने काढलेलं कच्चं लोखंड), मूल-सिंदेवाहीकडे राइस मिल, शिवाय कोळशाच्या खाणी आणि वीटभट्ट्या. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांना मार्क दिले होते त्यात चंद्रपूरला ८३.८८ मिळाले होते, आणि या परीक्षेत जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट.

पहिला रकाना, कार्बन

हा सगळ्यात सोपा, घरी बसून भरता येतो. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. समजा वर्षभर सरासरी ६० टक्के चाललं तर वीज होते साधारण दीड कोटी मेगावॅट-तास, आणि कोळशाच्या एका मेगावॅट-तासाला ढोबळमानाने एक टन सीओटू (कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण कार्बन म्हणतोय) धरा, म्हणजे वर्षाला दीड कोटी टन. जिल्ह्यातलं बाकी कोणी याच्या जवळपास येत नाही.

सिमेंटला वेगळं गणित आहे. तिथे कोळसा तर जळतोच पण दगडातूनही कार्बन निघतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो सीओटू हवेत आणि छप्पन किलो चुना हातात, हे शाळेतल्या केमिस्ट्रीचं गणित आहे, कुठल्याही मशीनने बदलत नाही. एक टन क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे खडे, तेच दळून सिमेंट होतं) अर्धा टन सीओटू नुसत्या दगडातून जातो. म्हणून सिमेंटवाल्याला कार्बन कमी करायचा म्हणजे मुख्यतः क्लिंकर कमी वापरायचा, त्याजागी वीज केंद्राची राख नाहीतर स्टीलचा स्लॅग घालायचा. राख बाजूलाच पडलीय हे चंद्रपूरचं नशीब.

दुसरा रकाना, धूळ

इथे यादी उलटीपालटी होते. एक उदाहरण देतो. मी पूर्वी कापड प्रोसेसिंगवाल्यांकडे जायचो, तिथला सहा टनी बॉयलर दिवसाला वीस टन कोळसा खायचा. आता त्याच्या चिमणीत धूळ समजा ६०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे. बॅग फिल्टर (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या) नसेल, नुसता सायक्लोन (वायू गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं साधं यंत्र) असेल आणि तोही फुटका असेल तर हे काही फार नाही. एक टन कोळशामागे ८ हजार घनमीटर वायू धरला तर टनामागे ४.८ किलो धूळ बाहेर पडली. आता मोठं वीज केंद्र घ्या, ईएसपी (विजेच्या भाराने धूळ पकडणारं यंत्र) नीट चालू आहे आणि ५० मिलिग्रॅमवर आहे असं धरा, वायू टनामागे ६ हजार घनमीटर, म्हणजे धूळ ०.३ किलो. तोच एक टन कोळसा, जवळपास तेवढाच कार्बन, आणि छोट्या बॉयलरमधून धूळ सोळापट. वर वीज केंद्राच्या ५०० मेगावॅटच्या युनिटची चिमणी २७५ मीटरची आणि आपल्या बॉयलरची तीस-पस्तीस मीटरची, म्हणजे धूळ कुठे उतरणार ते सांगायला नको, पलीकडच्या चाळीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

याचा अर्थ वीज केंद्र निर्दोष असा नाही हां. वर्षाला साधारण एक कोटी टन कोळशाच्या हिशोबात ०.३ किलोचाही डोंगर होतो, आणि ईएसपीचं एखादं फील्ड (त्याचा एक कप्पा) बंद पडलं की ०.३ चे किती होतात ते रात्री चंद्रपुरात राहणाऱ्याला विचारा. शिवाय सल्फर वेगळाच. मुद्दा एवढाच की कार्बनच्या क्रमाने लावलेली यादी आणि धुळीच्या क्रमाने लावलेली यादी एक नसते, म्हणून दोन्ही करायच्या.

कार्बन कमी झाला की धूर कमी होतो का?

यावर जरा वेळ घालवा, कारण फसगत इथेच होते आणि सरकारी कागदात यावर दोन ओळींच्या वर काही सापडत नाही.

पहिला प्रकार, कोळसा वाचला तर दोन्ही कमी होतं, हे सरळ. स्पॉन्ज आयर्नच्या किल्नमधून (भट्टीतून) जो गरम वायू निघतो तो नुसता थंड करून सोडून द्यायच्या ऐवजी वेस्ट हीट बॉयलर लावला तर १०० टन रोजच्या किल्नवर साधारण दोन मेगावॅट वीज निघते, बाहेरची तेवढी वीज वाचली, तिथला कोळसा वाचला. असे उद्योग यादीत आधी घ्या.

दुसरा प्रकार, कार्बन कागदावर शून्य आणि धूर जोरात. राइस मिलवाले धानाचं तूस जाळतात, साखर कारखाने बगॅस (उसाचं चिपाड) जाळतात. हिशोबात बायोमासचा कार्बन शून्य धरतात कारण तो झाडाने हवेतूनच घेतला होता, ठीक आहे, पण तुसाची राख फुफ्फुसाला शून्य नसते. कार्बनचा भाव वाढला की कोळशावरचा छोटा बॉयलर तुसावर जाणार, क्रेडिट मिळणार, आणि फिल्टर न बदलता गेला तर शेजारच्यांना आधीपेक्षा जास्त काजळी. बल्लारपूरच्या पेपर मिलचंही तसंच, काळ्या लिकरचा (लाकूड शिजवून उरलेल्या काळ्या पाण्याचा) रिकव्हरी बॉयलर बायोमासमध्ये मोजला जातो, आणि कागद कारखान्याभोवती जो वास येतो तो गंधकाच्या वायूंचा, त्याला कार्बनच्या बाजारात कोणी विचारत नाही.

तिसरा प्रकार बरोब्बर उलटा, हवा सुधारते पण कार्बन किंचित वाढतो. एफजीडी घ्या. चिमणीतला सल्फर डायऑक्साइड चुनखडीने पकडायचा, तर ६४ किलो सल्फर डायऑक्साइडमागे ४४ किलो सीओटू सुटतो आणि वर यंत्रणेला वीज लागते. ऐकायला वाईट, पण हिशोब करा: अर्धा टक्का गंधकाच्या एक टन कोळशातून दहा किलो सल्फर डायऑक्साइड, म्हणजे सात किलो जास्तीचा सीओटू, तोही दीड टनाच्या समोर. एवढ्यासाठी "एफजीडीने कार्बन वाढतो" असं कोणी म्हणालं तर तो बहाणा आहे, मान डोलावू नका. जुलै २०२५ मध्ये केंद्राने बहुतेक कोळसा वीज केंद्रांना एफजीडीतून सूट दिली, प्रदूषित शहरांजवळच्यांचं एकेक बघून ठरवू म्हणाले. म्हणजे सल्फरचा नियम सैल आणि वीज कार्बनच्या बाजारातही नाही, दोन्ही दारं एकाच वेळी उघडी. मला हे अजिबात पटलेलं नाही.

चौथा प्रकार, संबंधच नाही. सिमेंटमधला दगडातला कार्बन हा त्यातला. क्लिंकर कमी झाला तर कार्बन कमी होतो पण ग्राइंडिंगची धूळ, खाणीची धूळ आणि गडचांदूरच्या रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ आहे तिथेच.

तिसरा रकाना, मोजमाप

एका प्रोसेस हाऊसमध्ये (नाव घेत नाही) मी बॉयलरचं लॉगबुक मागितलं. तीन महिन्यांची सगळी पानं एकाच निळ्या पेनने, एकाच अक्षरात, फ्लू गॅसचं तापमान रोज १८०, १८०, १८०. दिवाळीच्या दिवशीही १८०, आणि त्या दिवशी बॉयलर बंद होता हे तिथल्याच फायरमनने चहा पिताना सांगितलं. ऑनलाइन मीटरचं म्हणाल तर धुळीच्या सेन्सरची काच पुसायला शिडी चढून वर जावं लागतं, उन्हाळ्यात कोणी जात नाही, आणि कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतो का याची तपासणी) झालं नसेल तर स्क्रीनवरचा आकडा नुसता शोभेचा.

म्हणून रकान्यात "मोजतात" एवढं लिहून भागत नाही, कशावरून मोजतात ते लिहा. कार्बनची एक सोय आहे, तो चिमणीत मोजावा लागत नाही, कोळशाच्या बिलावरून आणि लॅबच्या रिपोर्टवरून निघतो, आणि बिलं जीएसटीला, बँकेला, वाहतूकदाराला सगळीकडे गेलेली असतात त्यामुळे खोटं बोलणं अवघड जातं. धूळ मात्र चिमणीतच मोजावी लागते, तोच कोळसा फिल्टर चालू असताना आणि बंद असताना पन्नासपट फरक दाखवतो.

चीनने २०२१ मध्ये राष्ट्रीय बाजार सुरू केला तेव्हा फक्त वीज घेतली, एकच क्षेत्र, दोन हजारांच्या आसपास कंपन्या. त्याआधी २०१३ पासून शहरांत आणि प्रांतांत चाचण्या चालू होत्या. स्टील, सिमेंट, अॅल्युमिनियम आले थेट २०२५ मध्ये. युरोपने २००५ मध्ये सुरुवात केली तेव्हा खात्रीचे आकडे नव्हते, कार्बन सोडायचे परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले, आणि २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला. आकडे आधी, बाजार नंतर.

धुळीचं मोजमाप जमतं का? जमतं, आणि ते आपल्या शेजारी करून दाखवलंय. सुरतला गुजरात प्रदूषण मंडळाने २०१९ मध्ये धुळीचाच बाजार सुरू केला, जगातला पहिला. तीनशेच्या वर कारखाने, बरेचसे कापडवाले, कोळसा जाळणारे. सगळ्यांच्या चिमणीत मीटर. पूर्वीचा नियम होता घनमीटरमागे किती मिलिग्रॅम, इथे हिशोब आला किलोत, ठराविक मुदतीत एकूण किती किलो धूळ सोडली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे कारखाने बाजारात घातले, निम्मे जुन्या नियमावर ठेवले. बाजारातल्यांची धूळ बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झाली. ज्या छोट्या बॉयलरला आपण कार्बनच्या यादीत बसवू शकत नाही त्याचं उत्तर बहुतेक इथे आहे.

चौथा रकाना, कोणाला स्वस्त कोणाला महाग

बाजारात मजा तेव्हाच जेव्हा दोघांचा खर्च वेगळा. समजा एका कारखान्याला टनभर कार्बन कमी करायला ३०० रुपये लागतात आणि दुसऱ्याला २,०००, तर पहिला जास्त करेल, दुसरा त्याच्याकडून ८००-१,००० ला घेईल, दोघं खूश. दोघांनाही १,२०० च लागत असतील तर सौदा कशाचा करणार, तिथे सरळ नियम लावा आणि मोकळे व्हा. स्पॉन्ज आयर्न इथे फिट बसतं, कोणाकडे वेस्ट हीट बॉयलर आहे, कोणाकडे नाही. वीटभट्टी बसत नाही. सगळ्यांची भट्टी तशीच, मालक हंगामापुरता, बिल नाही की वजनकाटा नाही, तिला झिगझॅग पद्धतीवर (विटा अशा रचायच्या की गरम हवा वळणं घेत जाते आणि कोळसा कमी लागतो) आणायचा नियम आणि थोडं कर्ज हाच रस्ता.

खेळाडू किती आहेत तेही बघा. एकाच सरकारी कंपनीचीच केंद्रं असलेला राज्यापुरता बाजार म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात.

आणि फार स्वस्तातलं प्रकरण दिसलं की सावध व्हा. क्योटो हवामान कराराच्या काळात एचएफसी-२३ नावाचा, फ्रिज-एसीचा गॅस बनवताना सोबत निघणारा वायू जाळून टाकल्याबद्दल क्रेडिट मिळायचं, त्या वायूचा एक टन म्हणजे ११,७०० टन सीओटू धरायचे. जाळायला खर्च नगण्य, क्रेडिटचा पैसा अफाट, मग गॅस बनवणाऱ्या काही कारखान्यांवर आरोप झाला की ते जाळायला मिळावा म्हणूनच जास्त बनवतायत. युरोपने २०१३ पासून ती क्रेडिट घेणंच बंद केलं. असा उद्योग दिसला तर बाजारात नको, सरळ बंदी घाला.

उंबरठा कुठे ठेवायचा

किती मोठ्या कारखान्यापासून योजनेत घ्यायचं, ही बारीक गोष्ट आहे पण निम्मा निकाल इथेच लागतो. जुन्या पॅट योजनेत, कारखान्यांना ऊर्जाबचतीचं टार्गेट देणारी २०१२ ची ती, सिमेंटला वर्षाला ३०,००० टन तेलाइतकी ऊर्जा हा उंबरठा होता आणि कापडाला ३,०००. मगाचा बॉयलर आठवा, दिवसाला वीस टन, वर्षाला ३३० दिवस म्हणजे ६,६०० टन कोळसा, किलोला ४,००० किलोकॅलरीचा. तेलात मोजला तर २,६४०. वीज फार नसेल तर हा माणूस थोडक्यात बाहेर राहतो, आणि त्याच्यासारखे त्याच एमआयडीसीत पंधरा असतात. उंबरठा खाली आणला तर ऑडिटरची फी (आमची) त्याच्या फायद्यापेक्षा जास्त होते. म्हणून अशांना कार्बनमध्ये ओढायच्या ऐवजी सुरतसारखा धुळीचा बाजार, किंवा एमआयडीसीत एकच कॉमन बॉयलर आणि सगळ्यांना पाइपने वाफ.

अजून दोन खाचाखोचा. आपलं टार्गेट टनामागे आहे, एकूण नाही. टनामागे कार्बन ३ टक्के कमी केला आणि उत्पादन २० टक्के वाढवलं तर एकूण १६ टक्क्यांनी वाढतो, क्रेडिट तरीही मिळू शकतं. देश म्हणून हे चालेल कदाचित, २०३० पर्यंत जीडीपीमागचा कार्बन २००५ च्या तुलनेत ४५ टक्के कमी करायचं आपलं वचनही टनामागेसारखंच आहे, पण चंद्रपूरच्या माणसाचं फुफ्फुस टनामागे श्वास घेत नाही. आणि टन कशाचा तेही विचारा, क्लिंकरचा की सिमेंटचा, कारण क्लिंकर इथे भाजून ग्राइंडिंग दुसऱ्या राज्यात करणारे आहेत.

दुसरी खाच जागेची. सीओटू कुठेही सोडला तरी पृथ्वीला सारखाच, म्हणून चंद्रपूरच्या कारखान्याने दुसऱ्या राज्यातलं क्रेडिट घेतलं तर कागदावर हिशोब बरोबर. पण त्याच्या चिमणीखालच्या वस्तीला काय मिळालं? कॅलिफोर्नियात हाच वाद झाला, गरीब वस्त्यांजवळच्या रिफायनऱ्या परवाने घेऊन तशाच चालतात म्हणून, आणि २०१७ मध्ये त्यांना वस्तीपातळीवर हवा मोजायचा वेगळा कायदा करावा लागला. क्रेडिट घेतलं म्हणून धुळीच्या, सल्फरच्या नियमातून सूट नाही, हे वाक्य योजनेत असलंच पाहिजे.

तर माझी चंद्रपूरची यादी

वीज केंद्र कार्बनच्या बाजारात आणा, राष्ट्रीय पातळीवर, आणि सोबत सल्फरचा नियम वेगळा ठेवा. सिमेंट आत आहे ते बरोबर, पण धुळीसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका. स्टील नऊ क्षेत्रांत आहेच, युरोपने १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बन कर खराखुरा लागू केलाय त्यात लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत आहे, त्यामुळे निर्यातवाल्यांना हिशोब ठेवावाच लागणार, मात्र स्पॉन्ज आयर्नच्या ईएसपीचं विजेचं मीटर वेगळं बसवा म्हणजे रात्री बंद ठेवलं की युनिटवरून कळेल. पेपर आत राहू दे. राइस मिल आणि छोटे बॉयलर धुळीच्या बाजारात. वीटभट्टी, खाणीचे रस्ते, कोळशाचे ट्रक, यांना कुठल्याच बाजारात नको, ताडपत्री आणि पाणी मारायचा टँकर हे बाजारातून येत नसतं.

हरकत पाठवायची असेल तर पर्यावरण कायद्याखालच्या मसुद्यावर साधारण साठ दिवस मिळतात. "प्रदूषण थांबवा" असं पत्र पाठवू नका, ते फायलीत जातं. एका कारखान्याची एक ओळ पाठवा: किती टन कोळसा, चिमणी किती उंच, सगळ्यात जवळची वस्ती किंवा शाळा किती मीटरवर, मीटर आहे का आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी. माहितीच्या अधिकारात कॅलिब्रेशनचा कागद मागून मिळाला नाही तर त्या अर्जाची तारीख त्या रकान्यात लिहा.